अपडेटनंतर आईचे फोटो गेले. जबाबदार कोण?

शेवंती (इंदूर) | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार. मी इथे नुसती वाचत असते, लिहीत नाही. आज लिहितेय, कारण घरात या विषयावर बोलणंच बंद झालंय.

माझी आई फेब्रुवारीत गेली. तिचे शेवटच्या तीन-चार वर्षांतले सगळे फोटो माझ्या फोनमध्ये होते. गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. फोनवर बरेच दिवस अपडेटची सूचना येत होती आणि मी दर वेळी "नंतर" दाबत होते. त्याला म्हटलं, बघ रे, हे सारखं काय येतंय. त्याने वाचलं, "मावशी, सिक्युरिटीचं आहे, करून घेऊ" म्हणाला आणि चार्जिंगला लावून सुरू केलं. जेवणं झाली, भांडी झाली, फोन कंपनीच्या चिन्हावर अडकलेला तो अडकलेलाच. सकाळीही तसाच.

सोमवारी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवर छापील कागद पुढे आला, सही करा म्हणाले, मी केली. संध्याकाळी फोन मिळाला तो अगदी नव्यासारखा. आत काहीही नाही. फोटोंचं विचारलं तर त्याच कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: डेटाची जबाबदारी ग्राहकाची.

काय काय होतं सांगू? रंगपंचमीला राजवाड्याजवळच्या एका गच्चीतून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघणारी आई, नाकापर्यंत गुलाल. महालक्ष्म्यांच्या आरतीसाठी पुरणाचे दिवे करताना तिचे हात, नुसते हात, मी मुद्दाम जवळून काढले होते. हॉस्पिटलमधून आल्यावर कापलेले केस, आणि आरशात बघून हसणारी ती.

हे म्हणतात, बॅकअप घेणं तुझं काम होतं. बहीण तिच्या मुलाला नको ते बोलली. तो १९ वर्षांचा आहे, त्या दिवसापासून आमच्याकडे फिरकलेला नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले सर्व्हिस सेंटरला विचारा. सर्व्हिस सेंटर म्हणतं अपडेट कंपनीचं. मला खरंच समजून घ्यायचंय, जबाबदार कोण?

सरळबोल | १२ जून, रात्री ११:५८

वाईट झालं. पण स्पष्ट लिहितो. डेटा ज्याचा, जबाबदारी त्याची. फोन चोरीला गेला असता, पाण्यात पडला असता, तरी हेच झालं असतं. तेव्हा कोणाला जबाबदार धरलं असतं?

रामबागकर (इंदूर) | १३ जून, सकाळी ७:१२

सरळबोल, चोर घरात शिरला तर कुलूप नीट नव्हतं म्हणता येईल. इथे कुलूप बसवणाराच आत येऊन सामान घेऊन गेला. दोन्ही सारखं कसं?

शेवंतीताई, मनापासून सांत्वन. आईच्या हातांचा फोटो वाचून माझ्या आजीचे हात आठवले.

मालवीमाई (देवास) | १३ जून, सकाळी ७:४०

रामबागकरांना अनुमोदन. आणि शेवंती, आधी एक कर. कॉम्प्युटरवर बसून तुझ्या गूगल खात्यात फोटोंचं पान उघड. फोनवर नको, कॉम्प्युटरवर. पुष्कळ जणींना वाटतं काही साठलेलं नाही, पण कधीतरी कोणीतरी सुरू करून दिलेलं असतं. तिथली कचरापेटीही बघ. बॅकअप झालेले फोटो पुसले तरी ६० दिवस तिथे राहतात.

तपासनीस (इंदूर, सध्या पुणे) | १३ जून, सकाळी ९:०५

मी सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात चौदा वर्षं आहे, म्हणून या धाग्यावर गप्प बसवत नाही.

सरळबोल म्हणतात ते आमच्या क्षेत्रात रोज ऐकू येतं. "यूजरने बॅकअप घ्यायला हवा होता." मीही नवीन असताना म्हणायचो. मग २०१८ साल आलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट २ ऑक्टोबरला सोडलं आणि चारच दिवसांत मागे घेतलं, कारण काही लोकांचे डॉक्युमेंट आणि फोटोंचे फोल्डर रिकामे झाले होते. झालं असं होतं की काहींनी आपला फोटोंचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेला होता, पण जुन्या जागी काही फाइली तशाच राहिल्या होत्या. अपडेटने जुनी जागा फालतू समजून साफ केली. आत काय आहे ते न बघता. ते अपडेट पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला.

मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. अपडेट सगळ्यांना देण्याआधी जे लोक स्वेच्छेने ते वापरून बघत होते, त्यांच्यातल्या काहींनी "माझ्या फाइली गेल्या" असं आधीच कळवलं होतं. पण त्या तक्रारींना इतरांची मतं कमी पडली, म्हणून त्या ढिगात खाली राहिल्या. नंतर कंपनीने तक्रारीच्या फॉर्ममध्ये "नुकसान किती गंभीर" हा रकाना घातला. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी शंभरातल्या एकाच्याही शंभराव्या हिश्शाइतक्या होत्या, म्हणजे ०.०१ टक्के. कागदावर हा आकडा फार छान दिसतो. पण ज्याचे फोटो जातात त्याचे शंभर टक्के जातात.

फोनमध्येही असं झालेलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ घेतल्यावर, एकापेक्षा जास्त यूजर ठेवलेल्या गूगलच्या काही पिक्सेल फोनांचे मालक स्वतःच्याच फाइलींना मुकले. (शेवंतीताईंचं प्रकरण वेगळं दिसतंय, दोन्हींची सरमिसळ करू नका.)

म्हणून माझं मत: अपडेट फसू शकतं हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं, मालकाला नसतं. ज्याला ठाऊक आहे, जबाबदारी त्याची मोठी. "अपडेट करा" हे अक्षर मोठं आणि रंगीत, "आधी बॅकअप घ्या" ही ओळ बारीक आणि करडी. ही मांडणी कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेली असते.

तपासनीस | १३ जून, सकाळी ९:०६

दोनदा पडला, म्हणून हा प्रतिसाद काढून टाकलाय.

सरळबोल | १३ जून, सकाळी ९:३०

तपासनीस, माहिती चांगली आहे. तरी प्रश्न उरतो. मग अपडेट घ्यायचंच नाही का? नाही घेतलं आणि बँकेचे पैसे गेले, तर पुन्हा हेच म्हणतील, अपडेट का नाही केलंत.

तपासनीस | १३ जून, सकाळी ९:४४

घ्यायचं. नक्की घ्यायचं. सुरक्षेची छिद्रं त्यानेच बुजतात. म्हणूनच म्हणतो, जी गोष्ट घेण्यावाचून पर्याय नाही, ती देणाऱ्याला "तुमचं तुम्ही बघा" म्हणायचा हक्क कमी उरतो. भाच्याने जे केलं ते बरोबरच केलं.

जेलरोडवाला (इंदूर) | १३ जून, दुपारी २:२०

ताई, बुरा मानू नका, पण दुकानाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला पाहिजे. माझं जेल रोडला मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. डॉलर मार्केटच्या गर्दीत दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात. फोन हातात घेतला की माझा पहिला सवाल असतो: आतला डेटा पाहिजे की नको? यावर रेट बदलतो, वेळ बदलते, काम करायची पद्धत बदलते. हे विचारलं नाही तर ती चूक दुकानदाराची. कागदावर सही घेतली म्हणून विचारायचं काम संपत नाही.

चिन्हावर अडकलेला फोन रीसेट केला की दहा मिनिटांत चालू होतो, हे खरं. पण तो एकच रस्ता नसतो. पुष्कळ मॉडेलमध्ये आतलं न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा भरता येतं. वेळ लागतो, प्रत्येक वेळी जमतंच असं नाही, पण आधी ते करून बघायचं असतं. मोठ्या सेंटरला दिवसाला किती फोन उरकले त्याचा हिशोब द्यावा लागतो. तिथल्या पोरांना मी ओळखतो, ती वाईट नसतात, पण त्यांना थांबायची सवड नसते.

आता कडू गोष्ट. रीसेट झालेल्या नव्या फोनमधून फोटो परत येत नाहीत. २०१९ ला अँड्रॉइड १० आलं, त्यानंतर निघालेल्या फोनांत सगळा डेटा कुलूपबंद राहतो आणि रीसेटला त्या कुलपाची चावीच नष्ट होते. फोटोचे तुकडे आत पडलेले असले तरी ते वाचता येत नाहीत, मलाही नाही, कंपनीलाही नाही. कोणी दहा-पंधरा हजारांत "रिकव्हरी करून देतो" म्हणाला तर एक पैसा देऊ नका. माझ्या शेजारचा म्हणाला तरी देऊ नका.

मालवीमाई | १३ जून, दुपारी २:४१

भिया, हे सगळ्यांना कळायला हवं. धन्यवाद.

चंबळपाणी (ग्वाल्हेर) | १३ जून, सायंकाळी ६:१५

मी ग्वाल्हेरला ग्राहकांच्या तक्रारींचं काम बघतो, म्हणून कायद्याचं थोडं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सेवेतील त्रुटी म्हणजे नुसतं वाईट काम नव्हे. ग्राहकाला जी माहिती द्यायला हवी ती जाणूनबुजून दडवणं किंवा निष्काळजीपणे न देणंसुद्धा त्यात येतं. जेलरोडवाल्यांनी जो प्रश्न सांगितला, "डेटा पाहिजे की नको", तो विचारला होता का, हेच प्रकरणाचं मर्म आहे.

छापील कागदावरच्या ओळीने सगळं संपतं असं समजू नका. एकतर्फी, ग्राहकाचे हक्क फार कमी करणाऱ्या अटींना त्या कायद्यात अनुचित करार म्हटलं आहे. फक्त अटच अनुचित ठरवून घ्यायची असेल तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात चालते आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही वेळा कंपनी तिथेच बोलणी करते.

पण ताई, खरं सांगतो. आयोग पैसे देववू शकतो, मनस्तापाबद्दलही देववू शकतो. फोटो नाही. तो सहीचा कागद, फोन घेतल्याची पावती आणि कोणत्या तारखेला काय बोलणं झालं त्याची टिपणं आजच एका ठिकाणी ठेवा.

सरळबोल | १३ जून, सायंकाळी ६:५०

कागदावर सही करण्याआधी वाचायला हवं होतं, हे तरी मान्य कराल का?

चंबळपाणी | १३ जून, सायंकाळी ७:०२

वाचलं असतं तरी काय केलं असतं? सही नाही तर फोन दुरुस्तीला घेणार नाहीत. निवड नसलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही.

विश्वामित्रीकाठ (बडोदा) | १३ जून, रात्री ९:३०

थोडं वेगळं लिहिते, पण ते याच प्रश्नातलं आहे.

आमचं घर समा भागात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात आली. आम्ही वरच्या मजल्यावर तीन दिवस होतो, खाली छातीएवढं पाणी. मगरी वस्तीत फिरत होत्या ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, आम्ही खिडकीतून पाहिलं. पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाट उघडलं. सासूबाईंच्या लग्नापासूनचे अकरा आल्बम होते. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. एक पान सोडवायला गेले तर सासऱ्यांचा चेहरा समोरच्या पानावरच्या प्लास्टिकला लागून निघून आला.

आमचा मुलगा बोस्टनला असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आला तेव्हा त्याने त्यातले सहा आल्बम फोनने टिपून घेतले होते. मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते, आला आहेस तर माणसांशी बोल म्हणून. आज ते सहा आहेत. उरलेले पाच कुठेच नाहीत.

आम्हीही तेव्हा विचारलं होतं, जबाबदार कोण? नदी की धरणाचं पाणी सोडणारे, की नाल्यांवर बांधकामं होऊ देणारे? उत्तर मिळालं नाही. पण कोणी सासूबाईंना म्हणालं नाही की आल्बम वरच्या मजल्यावर का ठेवले नाहीत. फोन म्हटला की मात्र बाईलाच पहिलं विचारतात, बॅकअप का नाही घेतला.

रामबागकर | १३ जून, रात्री ९:५५

शेवटचं वाक्य सरळबोलांनी दोनदा वाचावं.

लष्करवाली (ग्वाल्हेर) | १३ जून, रात्री १०:१०

विश्वामित्रीकाठ, ओले फोटो परत कधी चिकटले तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून सुटतात का बघायचे, आणि लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. मी संग्रहालयात होते, तिथे हेच करायचो.

कच्चीकैरी (इंदूर) | १३ जून, रात्री १०:३२

अवांतर: पूर्वी निगेटिव्ह असायची. फोटो हरवला तर स्टुडिओत जाऊन परत काढून आणायचा. आमच्या इंदूरच्या मातीत याचं मोठं उदाहरण आहे. राजा दीनदयाळ १८६६ च्या सुमारास इथे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर आले, फोटोग्राफी शिकले ते इंदूरमध्येच. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. "राजा" ही पदवी पुढे हैदराबादच्या निजामाने दिली. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. हातातून पडली तर फुटणारी काच! दीडशे वर्षांची काच टिकली आणि दीड वर्षाचा फोटो गेला, याचं फार वाईट वाटतं.

दांडियाबाजार (बडोदा) | १३ जून, रात्री १०:५०

अवांतरात भर: दादासाहेब फाळक्यांनी फोटोग्राफीचे धडे घेतले ते आमच्या बडोद्याच्या कलाभवनात, सयाजीरावांच्या काळात.

कच्चीकैरी, पण काच टिकली ती आपोआप नाही. कोणीतरी पेट्यांत भरून सांभाळली. निगेटिव्ह सांभाळायचं काम स्टुडिओवाला करायचा, आपण नाही. आता स्टुडिओवाला कोण, हे कोणी सांगितलेलंच नाही.

शेवंती | १४ जून, सकाळी ११:१५

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री दोनदा वाचले. विश्वामित्रीकाठ, तुमचा वाचून रडले.

मालवीमाई, कॉम्प्युटरवर उघडलं. मला माहीतही नव्हतं, पण फोटो आहेत! २०२१ पासून २०२३ च्या दिवाळीपर्यंतचे सगळे. पुढे काहीच नाही. महालक्ष्म्यांचे हात सापडले. गेर नाही, कापलेले केस नाहीत, शेवटचा वाढदिवस नाही.

दिवाळीनंतर का थांबलं?

तपासनीस | १४ जून, सकाळी ११:२८

जागा भरली असणार. गूगलवर फोटोंसाठीची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. तेव्हापासून १५ जीबी, त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं. भरल्यावर बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती इतर पन्नास सूचनांसारखीच दिसते.

सापडले ते आत्ताच दुसरीकडे उतरवून घ्या. आणि नीट लक्षात ठेवा, तिथून पुसले तर फोनमधूनही जाऊ शकतात. तो आरसा आहे, तिजोरी नाही.

मालवीमाई | १४ जून, सकाळी ११:४०

महालक्ष्म्यांचे हात सापडले हे वाचून बरं वाटलं गं. आता नातेवाईकांच्या व्हॉट्सॲपकडे वळ. तू आईचे फोटो कोणाकोणाला पाठवलेस? त्यांच्या फोनमध्ये ते पडलेले असतील. आकार लहान असेल, पण चेहरा असेल. आमच्या आत्याच्या फोनमधून तर काहीच जात नाही, २०१७ पासूनचे सुप्रभातसुद्धा आहेत, त्यातूनच आम्हाला काकांचे फोटो मिळाले.

सरळबोल | १४ जून, दुपारी १२:२०

शेवंतीताई, माझा पहिला प्रतिसाद कठोर होता. तुमची माफी मागतो. माझे वडील आहेत, ८१ वर्षांचे. काल रात्री त्यांचे फोटो शोधले तर गेल्या वर्षातले फक्त सात निघाले, त्यातले तीन आधार कार्डासाठी काढलेले.

रामबागकर | १४ जून, दुपारी १२:३१

सरळबोल, आज संध्याकाळी काढा. त्यांच्या खुर्चीत बसलेले.

लष्करवाली | १४ जून, दुपारी १:०५

मूळ प्रश्नाकडे येते. कंपनी, सेंटर, कागद, सगळं वाचलं. पण शेवंतीताईंच्या पहिल्या प्रतिसादातला तो १९ वर्षांचा मुलगा माझ्या मनातून जात नाही. कंपनीने सेंटरवर ढकललं, सेंटरने कंपनीवर, घरच्यांनी ताईंवर, ताईंच्या बहिणीने मुलावर. त्याच्याखाली ढकलायला कोणी नाही, म्हणून ते त्याच्यापाशी थांबलं. त्याचीही ती आजीच होती ना? आजीचे फोटो आपल्या हातून गेले असं वाटून तो घरी बसला असेल. ताई, त्याला फोन करा. तपासनीस यांनी वर लिहिलंय ते वाचून दाखवा, "बरोबरच केलं".

विश्वामित्रीकाठ | १४ जून, दुपारी १:१८

हे आज करा. कोर्ट-आयोग नंतर.

शेवंती | १४ जून, रात्री १०:०५

फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. मग त्याचाच आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मावशी, मी पैसे जमवतोय, एक जण रिकव्हरी करून देतो म्हणाला, बारा हजार." जेलरोडवाले दादा, तुमचा प्रतिसाद त्याला जसाच्या तसा वाचून दाखवला. मग तपासनीसांचा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीचा स्वतःचा फोन कुठे आहे?"

आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. आई गेल्यापासून तो तिच्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलाय. मी काढलेला प्रत्येक फोटो ती "मला पाठव" म्हणायची. गेरच्या दिवशी तर तिथेच गच्चीत बसून पाठवले होते. स्वतःही काढायची, बहुतेक बागेतल्या जास्वंदीचे आणि झोपलेल्या मांजरीचे. आत्ता काढून हातात घेतलाय. मागचं झाकण थोडं उचललेलं दिसतंय. चार्जिंगला लावू का?

जेलरोडवाला | १४ जून, रात्री १०:०९

ताई, नाही! लावू नका. बॅटरी फुगली आहे. दाबू नका, झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, गॅसजवळ किंवा उशीखाली ठेवू नका. रिकाम्या स्टीलच्या डब्यात, झाकण न लावता ठेवा. उद्या दुकानात आणा, बॅटरी बदलून मग सुरू करू. मेमरी कार्ड आहे का आत? कार्डावरचे फोटो बहुधा कुलपात नसतात, ते थेट वाचता येतात. आणि लॉक आहे का? चुकीचा पॅटर्न पुन्हा पुन्हा टाकून बघू नका.

शेवंती | १४ जून, रात्री १०:२१

डब्यात ठेवला. कार्ड आहे, घेताना मीच घालून दिलं होतं. पॅटर्न माहीत आहे, तोही मीच शिकवला होता. ती बोटाने काढताना दर वेळी मोठ्याने म्हणायची, खाली, उजवीकडे, वर.

किती वाजता येऊ?

जेलरोडवाला | १४ जून, रात्री १०:२४

रविवार आहे, पण मी अकराला उघडतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

शेवंती | १४ जून, रात्री १०:३०

येते. भाचाही येतोय. म्हणाला, डबा मी धरतो.